कयाकला सागवान का नको?

प्रश्न : मी सिएटलमध्ये राहतो. प्युजेट साउंडच्या पाण्यात वल्हवण्यासाठी १७ फुटी कयाक (वरून झाकलेली, अरुंद, हलकी होडी) स्वतःच्या गॅरेजमध्ये, सीडरच्या पट्ट्या जोडून बांधायचे मी ठरवले आहे. रत्नागिरीहून वडील फोनवर विचारतात, "अरे, पाण्यात घालायची वस्तू, मग सागवान का घेत नाहीस?" इथल्या वखारीत मला उभ्या रेषांच्या महागड्या फळ्या सुचवल्या गेल्या. डेकच्या, म्हणजे कयाकच्या वरच्या झाकणाच्या, मधोमध अक्रोडाची गडद पट्टी घालावी, असेही मनात आहे. शेवटचा हात जवसाच्या तेलाचा दिला तर चालेल, की व्हार्निशच लागेल?
– एक वाचक, सिएटल

उत्तर : आपल्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे. कोकणातल्या होडीत फळीच सगळा भार पेलते, पाणी आणि वाळू वर्षानुवर्षे सोसते, आणि तिथे सागवानाला तोड नाही. पट्ट्यांच्या कयाकमध्ये मात्र लाकडाचे काम वेगळे असते. पाव इंच जाडीच्या पट्ट्या साच्यांवर एकमेकींना चिकटवून जे कवच तयार होते, त्याला आतून आणि बाहेरून इपॉक्सीत (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेत) भिजवलेले काचतंतूंचे कापड चढवले जाते. ताण आणि दाब ही दोन कापडे घेतात, आणि त्या दोन्हींना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणे एवढेच मधल्या लाकडाने करायचे असते. म्हणून लाकूड हलके, बिनगाठीचे आणि रंध्याला सहज वळणारे हवे. ते फार कणखर असण्याची गरज नाही.

हिशेबच मांडून पाहा. आपल्या कयाकचा तळ आणि डेक मिळून साधारण ५ चौरस मीटर क्षेत्रफळ धरले, तर पाव इंची पट्ट्यांना सुमारे ०.०३ घनमीटर लाकूड लागते. वेस्टर्न रेड सीडरचे वजन घनमीटरला जेमतेम ३७० किलो आणि सागवानाचे सुमारे ६५०. म्हणजे एकीकडे ११ किलो आणि दुसरीकडे जवळजवळ २० किलो. गाडीच्या टपावर एकट्याने कयाक चढवताना हा फरक खांद्याला कळतो. शिवाय सागवान तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो, नाहीतर इपॉक्सीची पकड कच्ची राहते.

वडिलांना हेही जरूर सांगा की वेस्टर्न रेड सीडर हा खरा सीडर नव्हेच. तो आपल्या बागेतल्या मोरपंखीच्या कुळातला वृक्ष आहे. खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार. आपण राहता त्याच किनाऱ्यावर वेस्टर्न रेड सीडर वाढतो, आणि तिथल्या हैदा, ट्लिंगिट आणि सॅलिश या मूळनिवासी लोकांनी त्याचे अखंड खोड कोरून समुद्रात जाणाऱ्या होड्या घडवल्या. एवढे नामांकित लाकूड घराजवळच्या वखारीत मिळत असताना दूरचे मागवण्याचे कारण नाही.

आता फळीविषयी. विक्रेत्याचा सल्ला दारे-खिडक्यांसाठी योग्य आहे, पट्ट्यांसाठी नाही. पाऊण इंच जाडीच्या फळीच्या कडेवरून आपण पाव इंची काप काढता, तेव्हा फळीची कड ही पट्टीची दर्शनी बाजू होते. म्हणजे ज्या फळीच्या रुंद बाजूवर कमानीसारख्या नागमोडी रेषा दिसतात, त्या स्वस्त फळीतून निघालेल्या पट्टीवर सरळ, समांतर रेषा येतात. महागड्या फळीतून नेमके उलटे घडते. सरळ रेषांच्या पट्टीवर रंधा दोन्ही दिशांनी बऱ्यापैकी चालतो आणि घासताना ती सारखी झिजते. नागमोडी रेषांच्या पट्टीत मऊ भाग आधी झिजतो, कडक रेषा वर राहतात आणि तिच्या चिरफळ्याही निघतात. तेव्हा फळीची कड पाहून खरेदी करा. करवतीचे पातेही पातळ घ्या. अष्टमांश इंची पात्याने कापल्यास दर तीन भागांतला एक भाग भुसा होऊन जातो.

हा भुसा निरुपद्रवी नाही, हे मी कळकळीने सांगतो. या लाकडातल्या प्लिकॅटिक आम्लामुळे करवतगिरण्यांतल्या कामगारांना दमा जडल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. चांगला मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र यांच्याशिवाय घासकाम करू नका. आणि इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, म्हणून हातमोजे पहिल्या दिवसापासूनच घाला.

अक्रोडाची पट्टी सुंदर दिसेल, परंतु ते लाकूड सीडरपेक्षा बरेच कडक आहे. घासताना शेजारचे सीडर खाली जाते आणि अक्रोडाचा उंचवटा बोटाला लागतो. लांब फळीवर पॉलिश पेपर ताणून, अगदी हलक्या हाताने घासले तरच ती जागा सपाट राहते. माझे मत विचाराल, तर गडद रंगासाठी सीडरच्याच काळसर फळ्या निवडाव्यात, कारण एकाच वखारीत गव्हाळ रंगापासून चॉकलेटीपर्यंत सगळ्या छटा सापडतात. फळीवर ओला फडका फिरवा: त्या क्षणी जो रंग उमटेल, साधारण तोच इपॉक्सीखाली कायम राहील.

कापड बाहेरून चौरस यार्डाला ६ औंसांचे आणि आतून ४ औंसांचे घेतले, तर आपल्या वापरास पुरेल. ते अंथरल्यावर पांढरे दिसते आणि इपॉक्सी मुरताच डोळ्यांदेखत नाहीसे होऊन खालचे लाकूड उजळून निघते. हे काम गॅरेज थंड होत असताना, म्हणजे संध्याकाळी करा. सकाळी तापमान चढत असले की लाकडातली हवा फुगते आणि कापडाखाली बुडबुडे धरतात.

जवसाचे तेल मात्र कयाकच्या बाहेरच्या अंगाला कुठेच लावू नका. कापडाआधी लावले तर इपॉक्सी धरत नाही, आणि नंतर लावून उपयोग नाही, कारण मुरण्यासाठी तिथे उघडे लाकूडच उरलेले नसते. ऊन खाऊन खराब होते ते इपॉक्सी, आणि म्हणून अतिनील किरण अडवणारे सागरी व्हार्निश लागते. मी माझ्या पहिल्या कयाकवर ते घाईने लावले आणि आठवडा उलटला तरी ते चिकटच राहिले. काही हार्डनरांमुळे सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो मी धुतला नव्हता. सगळे खरवडून पुन्हा लावावे लागले. आधी साधे पाणी आणि भांड्यांची खरखरीत घासणी वापरून पृष्ठभाग धुवा, मगच पॉलिश पेपर लावा, कारण उलट क्रमाने केल्यास तो थर घासला जाऊन आत बसतो. त्यानंतर व्हार्निशचे चार-पाच पातळ हात द्या, आणि दर हंगामाच्या आरंभी जिथे चमक गेली असेल तिथे हलके घासून एक हात चढवा.

फळ्या आणण्यापूर्वी फूटभर लांबीचा नमुना याच क्रमाने करून पाहा: पट्ट्या, कापड, इपॉक्सी, धुणे, व्हार्निश. त्यात अक्रोडाचा एक तुकडाही चिकटवा आणि घासून झाल्यावर डोळे मिटून त्यावरून बोट फिरवा. डेकवर तो घालायचा की नाही, ते तेव्हा ठरवा.