विहीर, रजिस्टर आणि आठ आठवडे

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळी सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्यांची आणि त्यासाठी आरोग्य केंद्रात इंटर्नशिप करणाऱ्यांची पत्रं जास्त आली, म्हणून हे पान त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आठ आठवड्यांची इंटर्नशिप एका प्राथमिक आरोग्य केंद्रात लागली. पहिले दहा दिवस नुसती डेटा एंट्री केली. वैद्यकीय अधिकारी भले आहेत, पण ओपीडीत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. काय मागावं, आणि कोणाकडे? (विद्यार्थिनी, सांगली जिल्हा)

डेटा एंट्रीला नाक मुरडू नका. भरलेल्या आकड्यांपैकी एक उचला आणि उलट्या पावलांनी निघा: महिन्याचा अहवाल, त्यामागे उपकेंद्राचं रजिस्टर, त्यामागे आशाताईंची वही, शेवटी घर. वाटेत आकडा कुठेतरी बदललेला दिसेलच. दर वेळी त्यात लबाडी असते असं नाही. बाळंतपणाला माहेरी आलेली बाई सासरच्या आणि माहेरच्या अशा दोन्ही उपकेंद्रांत नोंदली जाते, तर ऊसतोडीला गेलेलं कुटुंब कुठेच सापडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला धरलेलं असतं, उपकेंद्र अनुक्रमे ५,००० आणि ३,००० ला. प्रत्यक्षात तुमच्या केंद्राखाली किती माणसं आहेत आणि त्यांतली किती वर्षभर गावात असतात, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या. भागाकारातला खालचा आकडा चुकला, तर वरचा कितीही काटेकोर मोजला तरी टक्केवारी फसवी निघते.

आता मागायचं काय? डॉक्टरसाहेबांकडे आठवड्यातला ठरलेला अर्धा तास मागा, ओपीडी संपल्यावरचा. जाताना एकच कागद न्या: काय केलं, काय आढळलं, कुठे अडलं. रोजचं शिकणं मात्र आरोग्य सहाय्यक आणि आरोग्य सेविकांच्या मागे फिरूनच होतं. फिरतीचा मासिक कार्यक्रम त्यांच्याकडे असतो, तो उतरवून घ्या आणि त्यावर आपले दिवस बसवा. कॉलेजातल्या मार्गदर्शकांना हाच कार्यक्रम पाठवा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात ‘पण तुम्ही केलंत काय?’ असा वाद होत नाही.

डायरीत प्रत्येक कामापुढे तीन रकाने ठेवा: पाहिलं, सोबत केलं, देखरेखीखाली स्वतः केलं. तिसऱ्या रकान्यापुढे ज्यांनी पाहिलं त्यांची सही घ्या, तीही त्याच दिवशी. महिनाअखेरीला एका दमात घेतलेल्या सह्या परीक्षकांना लगेच ओळखू येतात.

आणि प्रश्न लहान घ्या. ‘तालुक्यातील मातांच्या आरोग्याचा अभ्यास’ आठ आठवड्यांत होत नाही. ‘गेल्या तीन महिन्यांत ज्या पाणीस्रोतांची ओटी (ऑर्थोटोलिडीन द्रावणानं केलेली क्लोरीनची तपासणी) निल आली, म्हणजे क्लोरीन सापडला नाही, तिथे पुढे काय केलं गेलं?’ हा होतो, आणि त्याचं उत्तर केंद्रालाही हवं असतं. दहा दिवस गेले आहेत, तेव्हा चार आठवडे कामाला आणि उरलेले दोन लिहून केंद्राच्या हाती देण्याला ठेवा.

प्रश्न : इंटर्नशिपमध्ये आरोग्य सेवकांबरोबर पाणी तपासायला जातो. जलसुरक्षक (गावच्या पाण्याचं शुद्धीकरण पाहणारे) म्हणतात, ‘कालच टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलंय’. ओटी मात्र निल. चुकतंय कोण? (विद्यार्थी, नांदेड)

कदाचित कोणीच खोटं बोलत नसेल. काल टाकलेल्या टीसीएलचा क्लोरीन आज असेलच असं नाही. ऊन, पाण्यातला गाळ आणि पालापाचोळा तो खातात, आणि रात्रभर मोटार चालली असेल तर झऱ्यांतून नवं पाणी भरलेलं असतं. तपासणी टीसीएल टाकल्यानंतर एका तासानं करायची असते. तेव्हा मोकळा (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम हवा. नळयोजनेच्या शेवटच्या घरी ०.२ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये. म्हणून वहीत ‘ओटी निल’ एवढंच न लिहिता टीसीएल टाकल्याची वेळ, तपासणीची वेळ आणि नमुना विहिरीचा की कोणत्या नळाचा, हे तिन्ही लिहा.

पुढचा संशय मात्रेवर. ‘दोन मुठी टाकतो’ हे माप नव्हे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं आणि ३.१४ नं गुणा, ४ नं भागा. येतात ते घनमीटर, त्यांना हजारानं गुणलं की लिटर. व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर, तर साधारण ३७,७०० लिटर. चांगली पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम या ढोबळ हिशेबानं ९४ ग्रॅम लागेल. खोली दोरीला दगड बांधून मोजा, आणि विहिरीची नव्हे, पाण्याची मोजा. या घोळात हिशेब दुप्पट-तिप्पट चुकलेले असतात.

ढोबळ हिशेब स्वच्छ पाण्याला आणि ताज्या पावडरीला ठीक. पावसाळ्यातल्या गढूळ विहिरीला हॉरॉक्स पेटी (टीसीएलची मात्रा ठरवायची चाचणी-पेटी) काढायलाच हवी. काळ्या कपात सपाट चमचाभर, म्हणजे २ ग्रॅम टीसीएल थोड्या पाण्यात कालवा, मग खुणेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि निवू द्या. सहा पांढरे कप विहिरीच्या पाण्यानं काठाखाली बोटभर जागा सोडून भरा. वरच्या निवळीचा पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यात सहा. प्रत्येक कपाला वेगळी काडी. अर्धा तास थांबा. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब टाकून ढवळा. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येईल, त्याच्या क्रमांकाला दोननं गुणा. तेवढे ग्रॅम ४५५ लिटरला. (४५५ हा विचित्र आकडा म्हणजे जुने शंभर इंग्रजी गॅलन.) तिसरा कप निळा झाला तर ६ ग्रॅम, आणि वरच्या विहिरीला जवळपास ५०० ग्रॅम. ढोबळ हिशेबाच्या पाचपट! ओटी निल येण्याचं कोडं बहुतेकदा इथेच सुटतं. एकही कप निळा झाला नाही, तर पाणी फार घाण किंवा पावडर मेलेली. दुसऱ्या, नव्या पिशवीतली पावडर घेऊन पुन्हा करून पाहा.

ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात, ओल धरलेल्या खोलीत तो घसरत जातो. ढोबळ हिशेब करताना त्या प्रमाणात मात्रा वाढवावी लागते. हॉरॉक्स पेटीत मात्र तीच पावडर वापरलेली असल्यानं तिचा कमकुवतपणा उत्तरात आधीच आलेला असतो. पुन्हा वाढवू नका. मात्र चाचणीला एक पोतं आणि विहिरीला दुसरं, असं झालं तर चाचणी फुकट.

टाकण्याची रीतही पाहा. कोरडी पावडर वरून भुरभुरली की ती चुन्यासकट तळाला जाते. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. कालवून, पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं, पाच-दहा मिनिटं चुना बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीनं पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली, आजूबाजूला हलवायची. चुन्याचा गाळ विहिरीत नको, पाणी जड होतं. रात्री उपसा थांबल्यावर टाकलं, तर तासभर कोणी पाणी काढत नाही.

उरली ओटी. एक मिलिलिटर पाण्याला ०.१ मिलिलिटर द्रावण, आणि पिवळा रंग दहा सेकंदांत वाचायचा. रमतगमत पाच मिनिटांनी पाहिलं, तर पाण्यातल्या इतर पदार्थांशी बांधला गेलेला क्लोरीनही रंग देतो आणि नसलेला मोकळा क्लोरीन ‘दिसतो’. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असेल तरी पिवळेपणा येतो, त्यामुळे गंजक्या पाइपाच्या पाण्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. ऑर्थोटोलिडीन अंगाला लागू देऊ नये. तपासलेलं पाणी भांड्यात परत ओतू नका, आणि नंतर हात धुवा.

प्रश्न : आमच्या केंद्राच्या हद्दीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले आणि मला ‘लाइन लिस्ट कर’ म्हणून वाडीवर पाठवलं. एकेका रुग्णाची माहिती ओळीनं लिहून यादी केली, पण पुढे काय? (एमपीएच विद्यार्थी, ठाणे जिल्हा)

आधी यादीच तपासा. लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि वेळ लिहिली आहे, की ओपीडीत आल्याची? दुसरी लिहिली असेल तर साथीचा आलेख सोमवारी किंवा बाजारच्या दिवशी उसळलेला दिसेल. कारण माणसं त्या दिवशी दवाखान्यात येतात, आजारी त्या दिवशी पडत नाहीत. घरोघर परत जा. वय, लिंग, घर, जेवणावळीला गेले होते का, आणि पिण्याचं पाणी नेमकं कुठलं, हे रकाने हवेतच.

मग जे आजारी पडले नाहीत त्यांनाही मोजा. नवशिक्यांचं इथेच चुकतं. समजा वाडीत २४० माणसं. विहिरीचं पाणी पिणारी १५०, त्यांतली ४५ आजारी: ३० टक्के. हातपंपाचं पिणारी ९०, त्यांतली ६ आजारी: ६.७ टक्के. विहिरीवाल्यांत प्रमाण साडेचारपट. नुसती ५१ रुग्णांची यादी हे कधीच सांगत नाही. त्या सहाजणांकडे पुन्हा जाऊन विचारा. शेतावर, शाळेत किंवा शेजारी त्यांनी विहिरीचं पाणी प्यायलं असण्याची शक्यता बरीच.

नमुन्यांचा क्रम पाळा. जीवाणू तपासणीसाठीचा पाण्याचा नमुना टीसीएल टाकण्याआधी, निर्जंतुक बाटलीत घ्या. गावात पोचल्यावर आधी टीसीएल टाकायची घाई होते आणि पुरावा जातो. अर्थात नमुना भरायला दोन मिनिटं लागतात, त्यापायी शुद्धीकरण तासभर रखडवू नका. शौचाचे नमुने प्रतिजैविक सुरू होण्याआधी, कॅरी-ब्लेअर माध्यमात (नमुना प्रयोगशाळेपर्यंत टिकवणाऱ्या). अहवालाची वाट पाहत ओआरएस आणि सर्वेक्षण थांबवायचं नाही.

प्रश्न : ‘लसींच्या फ्रिजच्या तापमानाच्या मागच्या आठवड्याच्या नोंदी राहिल्यात, तेवढ्या भरून टाक,’ असं सांगितलं गेलं. नाही कसं म्हणू? (नाव नको)

भरू नका. आयएलआरचं (लसींच्या त्या फ्रिजचं) तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहिलं की नाही, हे कळावं म्हणून दिवसातून दोनदा नोंद घेतात. अंदाजानं लिहिलेला ‘४ अंश’ पेंटाव्हॅलंटच्या (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या) कुप्या एखाद्या रात्री गोठल्या असतील तर ते झाकून टाकतो. गोठलेली लस दिसायला ठीक असू शकते, पण निकामी असते, आणि बाटलीवरचं व्हीव्हीएम (रंग बदलणारी खूण) फक्त उष्णता दाखवतं, गोठणं नाही. बोलताना तत्त्वं सांगत बसू नका. ‘मी तेव्हा वाचन घेतलं नव्हतं, जागा कोरी ठेवून कारण लिहिते, आजपासून दोन्ही वेळा मी घेते,’ एवढं पुरे. ई-विन (लसींचा साठा आणि तापमान यांची ऑनलाइन नोंद ठेवणारी सरकारी प्रणाली) जोडलेलं असेल तर त्याच्या यंत्रातलं तापमान ऑनलाइन दिसतं. खोटी नोंद तिथे उघडी पडते, हे समोरच्यालाही पटतं. तरीही दबाव आला तर कॉलेजच्या मार्गदर्शकांना त्याच दिवशी कळवा.

प्रश्न : अमेरिकेत एमपीएच करते. उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्यात प्रत्यक्ष काम करून ते अभ्यासक्रमात धरलं जाईल का? (वाचक, न्यू जर्सी)

तुमचा अभ्यासक्रम सीईपीएचची (सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मान्यता असलेला असेल, तर किमान पाच क्षमता (त्यांतल्या तीन तरी मूलभूत) आणि किमान दोन तयार वस्तू दाखवाव्या लागतात. केलेले तास मोजून भागत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच विद्यापीठाकडून लेखी मंजुरी घ्या आणि वस्तू ठरवा: उदाहरणार्थ, पाणीस्रोतांचा नकाशा आणि जलसुरक्षकांसाठी मराठीतलं एक पानी टीसीएल कोष्टक. इथे परवानगी जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागायची, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. पत्र काही महिने आधी पाठवा. जूनमध्ये येऊन अर्ज केलात तर सुट्टी टेबलांवरच संपेल. रुग्णांची नावं असलेली कोणतीही यादी सोबत नेता येणार नाही, आणि कामाला संशोधन म्हणणार असाल तर नैतिकता समितीची मान्यता आधी हवी. जून-जुलै पावसाचे, तेव्हा विहिरीवर जायचं असेल तर चपला नकोत, गमबूट आणा.