मांडवीत सावकाश

प्रिय पोरी,

मोटर यॉट हाती आली की पहिला मोह थ्रॉटलचा होतो. तो आवर. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीच्या वेगाला तिची लांबीच वेसण घालते. पाण्यालगत 36 फूट लांबी असेल, तर ती मर्यादा साधारण 8 नॉट, म्हणजे तासाला 8 सागरी मैल. त्यापुढे बोट स्वतःच्याच लाटेवर चढू पाहते आणि डिझेल नुसतं जळतं. 6 नॉटवर आलीस की निम्म्याहून कमी ताकद पुरते, आणि सलूनमधल्या, म्हणजे बोटीतल्या बैठकीच्या खोलीतल्या, कपातला चहा हिंदकळत नाही. फक्त तासन्‌तास मंद चालवल्यावर शेवटची दहा मिनिटं इंजिनावर चांगला भार दे, नाहीतर आत काजळी धरते.

पणजीहून दिवाडीकडे भरतीबरोबर निघ आणि ओहोटीबरोबर परत ये. मुरगावचं भरतीचं कोष्टक रोज बघ. वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरायचं असेल तर भरतीला तळाशी पाणी जास्त, पण पुलाखाली जागा कमी, हे विसरू नकोस. तिथे मगरी आहेत, पोहायला उतरायचं नाही. आग्वादचा बार, म्हणजे नदीच्या मुखावरचा वाळूचा उथळ पट्टा, मात्र हिवाळ्यातल्या सकाळी, जमिनीकडून येणारा मतलई वारा असताना, भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबल्यावर ओलांड. दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा वाढतो, आणि ओहोटीचा प्रवाह समोरून येणाऱ्या लाटांना भिडला की त्या उभ्या राहून फुटतात. पावसाळ्यात तिकडे फिरकायचंच नाही.

इंजिन चालू केल्याबरोबर मागे वाकून एक्झॉस्टमधून इंजिन थंड करणारं पाणी पडतंय का ते बघ. खाडीतलं प्लास्टिक गाळणीत अडकतं, पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, कोरडा फिरतो आणि मिनिटभरात फाटू शकतो. जादा इंपेलर बोटीवर असायलाच हवा.

खरं सुख नांगरावर, आणि बहुतेकजण चुकतात तेही तिथेच. खोली ओहोटीला मोजतात, भरती विसरतात. पाणी 4 मीटर, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यावर 1 मीटर, चढणारी भरती 2 मीटर: झाले 7. त्याच्या पाचपट, म्हणजे 35 मीटर साखळी सोड. नांगर फेकू नकोस, तळाला टेकेपर्यंत उतरव, मग अगदी हळू रिव्हर्स घे, म्हणजे तो चिखलात रुतेल. घाई केलीस तर चिखलावरून नुसता घसरत येतो. मग काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धर. ब्रिटोनाचं पांढरं चर्च आणि त्याच्यामागचं एखादं झाड पुरे. रेषा मोडू लागली तर नांगर सरकतोय. भरती-ओहोटीचं पाणी उलटलं की बोट पूर्ण वळते, म्हणून चारही बाजूंना जागा ठेव. चोडणची फेरी आणि खनिजाचे बार्ज यांच्या वाटेत तर मुळीच थांबू नकोस.

आता इंजिन बंद, जनरेटरही बंद. खारफुटीतले पक्षी ऐकू येतील. अंधार पडायच्या आत चहूबाजूंनी दिसणारा पांढरा नांगरदिवा लाव. रात्री होड्या बिनदिव्याच्याही जातात.

तुझा,
काका