'माणिकी हस्तलिखितांचे खंड' हे बरोबर आहे का?

प्रश्न असा आहे : एका अनुवादात 'सिरियन भाषेतील माणिकी हस्तलिखितांचे खंड इजिप्तमध्ये सापडले' असे वाक्य आहे. यातला 'माणिकी' माणकावरून आला का, आणि वाक्य मराठीत ठीक आहे का?

माणकाशी काही संबंध नाही. शब्द आला तो मानी या धर्मसंस्थापकाच्या नावावरून. इ. स. २१६ मध्ये मेसोपोटेमियात जन्मलेल्या मानीने प्रकाश आणि अंधार या दोन तत्त्वांच्या झगड्यावर उभा असलेला धर्म सांगितला. अनुयायी त्याला सिरियाक भाषेत 'मानी हय्या', म्हणजे 'जिवंत मानी' म्हणत. त्याचेच ग्रीकमध्ये 'मानिखाइओस' झाले आणि इंग्रजीतला 'मॅनिकीयन' तिथून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चिनी ग्रंथांत मात्र मानीचे नाव आणि संस्कृत 'मणि' एकाच अक्षरजोडीने लिहितात, त्यामुळे रत्नाचा भास नवा नाही. मराठीत 'ण' लिहून तो भास आपण ओढवून घेऊ नये. मी 'मानीपंथ', 'मानीपंथी' असे लिहितो. 'मानी' म्हणजे स्वाभिमानी हा आपला अर्थ आड येऊ नये म्हणून पहिल्या उल्लेखात 'मानी या धर्मसंस्थापकाचा पंथ' एवढे सांगितले की पुरते.

'सिरियन भाषा' चुकीचेच. सिरियन म्हणजे आजच्या सिरिया देशाचा. भाषेचे नाव सिरियाक. ही पश्चिम आशियातल्या अरामाईक या प्राचीन भाषेची एक शाखा. 'सुरियानी' हेही तिचेच नाव असून केरळच्या ख्रिस्ती परंपरेमुळे ते भारतात रुळलेले आहे, तेव्हा तेही चालेल.

'खंड' मात्र नक्की बदला. मराठी वाचक खंड म्हटले की पहिला खंड, दुसरा खंड असे जाडजूड ग्रंथ डोळ्यांसमोर आणतो. इथे तर हातात आहेत नुसते कपटे. ग्रेनफेल आणि हंट या ब्रिटिश संशोधकांनी १८९६ च्या सुमारास इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावाचे उकिरडे उपसायला सुरुवात केली. ग्रीक कागदपत्रांच्या त्या ढिगाऱ्यात थोडे सिरियाकही होते. ते १९१५ मध्ये मार्गोलिउथ यांनी छापले. १९१९ मध्ये क्रम यांनी इजिप्तचाच आणखी एक तुकडा प्रसिद्ध केला, आणि बर्किट यांनी १९२५ च्या पुस्तकात या सामग्रीची एकत्र चर्चा केली. पुढे पेडरसन आणि लार्सन यांनी ती पुन्हा तपासून २०१३ मध्ये नवी संपादित आवृत्ती काढली. म्हणून 'तुकडे' लिहा. फार तर 'त्रुटित पाने'.

आता या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. सिरियाक ही ख्रिस्ती लोकांचीही भाषा, मग एवढ्याशा कपट्यावरून तो मानीपंथी कसा ठरला? अक्षरांवरून. मानीपंथीयांची लिपी वेगळी होती; वळणाने ती सिरियाकच्या जवळची, पण ओळखू येण्याइतकी निराळी. ती वाचली गेली होती इजिप्तपासून हजारो किलोमीटर दूर, मध्य आशियातल्या तुर्फानच्या पोथ्यांवरून, १९०४ मध्ये, म्यूलर या जर्मन अभ्यासकाकडून. त्या पोथ्या होत्या मध्य पर्शियन, पार्थियन, सोग्दियन या जुन्या इराणी भाषांत. भाषा बदलली तरी लिपी तीच राहिली, म्हणून तुर्फानची किल्ली ऑक्सिरिंकसच्या कुलपाला लागली. अनुवादात 'भाषा' आणि 'लिपी' हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत, असे मी आग्रहाने म्हणतो ते याचसाठी.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली स्फटिकाची मुद्रा पाहा. तीन व्यक्तींच्या अर्धाकृती कोरलेल्या, भोवती याच लिपीत सिरियाक मजकूर : 'मानी, येशू ख्रिस्ताचा प्रेषित'. अक्षरे उलटी खोदली आहेत, कारण ती मातीवर सुलटी उमटायची होती.

तुमचे वाक्य मी असे लिहीन : 'सिरियाक भाषेतील मानीपंथी हस्तलिखितांचे तुकडे इजिप्तमध्ये सापडले.' अनुवाद पुढे इजिप्तच्या वाळवंटातल्या 'दाखला' नावाच्या ओअसिसमधल्या (मरूद्यानातल्या) केलिस या प्राचीन गावावर येणार असेल, तर तिथल्या चौथ्या शतकातल्या लाकडी पाट्यांना 'शब्दसूची' म्हणा, 'शब्दकोश' नको. सिरियाक शब्द आणि त्याचा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेतला, अर्थ एवढेच त्यांवर आहे; सिरियाक शिकणाऱ्या किंवा तिच्यातून कॉप्टिकमध्ये भाषांतर करणाऱ्या कोणाचे तरी ते काम दिसते.