रिकामा ट्रेलर का खणखणतो?

प्रश्न: हतनूर धरणावर नाव नेण्यासाठी आमचा एका एक्सलचा, कमानींचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) ट्रेलर आहे. नाव असताना गप्प. रिकामा आणताना असा खणखणतो की गावभर कळतं. कमानींवर जळकं ऑइल सोडलं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. – वाचक, भुसावळ

उत्तर: जळकं ऑइल आधी बंद करा. तेल फटीत भरतं, ठोका दबतो, म्हणून चार दिवस बरं वाटतं. पण त्यावर धूळ बसून लोखंड घासतं, बुश (पिनेभोवतीची नळी) रबरी असतील तर फुगतात, आणि ट्रेलर पाण्यात उतरला की तवंग तुमच्याच माशांवर.

मुळात हा आवाज कमानीच्या पाट्यांचा (पट्ट्यांचा) नाही. कोरडे पाटे कुईकुई करतात, तेही जास्त करून वजन असताना. तेव्हाच ते एकमेकांवर सरकतात. खणखण म्हणजे लोखंडावर लोखंड आपटतंय. कमान नावेच्या वजनाच्या हिशेबाने बसवलेली असते. रिकाम्या ट्रेलरखाली ती दबतच नाही, चाक खड्ड्यातून उडतं आणि शॅकलच्या (कमानीचं टोक चेसीला टांगणाऱ्या हलत्या कडीच्या) पिनेत असेल तेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, वाजतो.

ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवा, पलीकडच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. जॅक चेसीखाली लावा, एक्सलखाली नव्हे. चाक अधांतरी झालं की चेसीखाली घोडी (स्टँड) द्या. कमानीचा डोळा (टोकाचं वळलेलं भोक) आणि शॅकल यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून उचला. पिन डोळ्यात हलताना दिसली तर बुश गेला.

एका वेळी एकच बाजू सोडा, एक्सल जागेवर राहतो. अडकलेल्या बुशवर घण घालू नका. हॅक्सॉचं पातं डोळ्यातून घालून बुशला आडवा नाही, लांबीत काप द्या, मिटून निघतो. पिनेवरून नख फिरवा. खाच लागली तर पिनही बदला. हँगरचं (चेसीवरच्या, कमान टांगणाऱ्या कानाचं) भोक लांबट झालं असेल तर नुसत्या बुशने आवाज जाणार नाही, हँगरच बदलावा लागेल. नायलॉनचे बुश स्वस्त, पण लवकर झिजतात. ग्रीस निपलची (ग्रीस भरायचं तोंड असलेली) पिन आणि ब्राँझचे बुश घ्या. यांचा नट इतकाच आवळा की शॅकल हलती राहील, आणि लॉकनट दरवेळी नवा. रबरी बुशचं उलट: चाकं जमिनीवर, वजन बसल्यावरच आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून फाटतं.

कमान एक्सलला धरणारे यू-बोल्ट आलटून-पालटून आवळा, ५०–८० किलोमीटरनंतर पुन्हा बघा. ते ढिले राहिले तर पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल सरकतो, टायर एका बाजूने खातो.

प्रश्न: नावेच्या ट्रेलरच्या हबमधलं (चाकाच्या मधल्या, बेअरिंगच्या भागातलं) ग्रीस ताकासारखं पांढरं निघालं. – वाचक, शहादा

उत्तर: पाणी शिरलंय. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. नाव उतरवण्याआधी अर्धा तास सावलीत थांबा. मे महिन्यात तर हब उभ्या उभ्याच तापतो. बेअरिंग डिझेलने धुऊन, वाळवून, पाण्यात टिकणारं ग्रीस भरा आणि सील नवं टाका. चाक फिरवत नट आवळा, मग पाव फेरा मागे घेऊन नवी स्प्लिट पिन घाला.