पीकॉक ईल दिवसभर वाळूत असते, पेलेट खात नाही, आजारी आहे का? औषध टाकू का?

औषध अजिबात टाकू नका, टाकलं असेल तर आत्ता उठून अर्धं पाणी बदला आणि मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की टाकी दोन फुटी, खाली बारीक वाळू, सोबत निऑन टेट्रा हे इवलेसे मासे, ईल नुकतीच आणलीय, दिवसभर फक्त नाकाचं टोक दिसतं आणि पेलेटला, म्हणजे गोळ्यांच्या खाण्याला, तोंड लावत नाही. यातलं एकही आजाराचं लक्षण नाही हो. पीकॉक ईल हा सापासारखा लांबट मासा, ती निशाचर आहे, दिवसा वाळूत घुसून बसणं हाच तिचा दिनक्रम. आणि पेलेट तिला खाणं वाटतच नाही, ती चिखलावाळूतले किडे, अळ्या, गांडुळं वासावर शोधून खाते.

एवढं लांबलचक लिहायला बसले कारण "खात नाही म्हणजे आजारी, औषध टाक" आणि "ईल नाजूकच असते" ही दोन वाक्यं मी आमच्या दाजींकडून इतक्या वेळा ऐकलीत की कुठेही दिसली तरी गप्प बसवत नाही. दाजी बरीच वर्षं मोठे सिक्लिड मासे ठेवतात, त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही हे मी आजही मान्य करते. पण त्याच टाकीत त्यांनी एक पीकॉक ईल आणून सोडली, खाली धारदार कडांची जाड खडी, लपायला काही नाही, खाणं सकाळी लाइट लावून टाकायचं आणि ते तळाला जायच्या आत सिक्लिड फस्त करणार. ईल बिचारी रात्री खडीत नाक खुपसून बघायची, जमायचं नाही, मग हीटरच्या मागे उभी चिकटून राहायची. पोट आत गेलं, डोकं अंगापेक्षा मोठं दिसायला लागलं, खालच्या बाजूला खडीचे ओरखडे. दाजींचं निदान काय तर परजीवी, आणि उपाय तांब्याचं औषध. मी म्हटलं दाजी हिला भूक लागलीय, औषध नका टाकू, मला द्या. ते काही ऐकेनात, शेवटी ताई मध्ये पडली तेव्हा मिळाली.

माझ्याकडे सोडल्या सोडल्या तिने वाळूत डोकं खुपसलं, अंगाला दोन झटके दिले आणि गायब. बऱ्याच वेळाने नाक वर आलं. ते नाक एकदा जवळून बघाच, टोकाला लांबट मांसल शेंडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नाकपुडीच्या बारीकशा नळ्या, तो शेंडा सतत इकडे तिकडे वळत असतो, आंधळ्या माणसाची काठी चाचपत जाते ना अगदी तसा. मी रात्री टाकीचा आणि खोलीचा दोन्ही लाइट बंद करून बसायचे आणि एका लांब नळीतून फ्रोजन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) किंवा गांडुळाचे बारीक तुकडे तिच्या नाकापासून चार बोटांवर सोडायचे. सुरुवातीला ती मागे सरकायची, सकाळी सगळं तसंच पडलेलं, ते सायफनने काढायचं आणि रात्री परत तेच. मग एका रात्री शेंडा तुकड्याच्या दिशेने वाकला, थांबला, परत वाकला आणि तुकडा सुर्रकन आत. मी ताईला त्याच वेळी फोन केला, रात्र किती झालीय ते बघितलंही नाही. आता लाइट बंद झाला की ती स्वतःहून बाहेर येते आणि चिमट्यातून गांडूळ घेते.

दाजी अजूनही म्हणतात, तुझं नशीब, जात नाजूकच आहे. मला हे पटत नाही आणि पटणारही नाही. नदीत मिळणारी वाम हिच्याच कुळातली आहे, मास्टासेम्बेलिडी, ती गढूळ पाण्यात, पुराच्या पाण्यात राहते आणि 90 सेंमीपर्यंत वाढते, नाजूक जात असली असती तर हे झालं असतं का? टाकीतल्या कित्येक ईल उपाशी मरतात, बाकीचे मासे आधी खाऊन टाकतात म्हणून मरतात आणि वरून औषध घालून आपण त्यांना संपवतो. हिचे खवले इतके बारीक असतात की कातडी जवळपास उघडीच, त्यामुळे तांबं किंवा फॉर्मेलिन असलेलं औषध तिला बाकीच्या माशांपेक्षा फार लवकर बाधतं. ज्याला रात्री लाइट बंद करून खायला घालायला वेळ नाही त्याने ईल आणूच नये, मग तो कितीही अनुभवी असो.

आता तुमच्या टाकीचं. निऑन दुसरीकडे हलवा, तोंडात मावणारा मासा ती रात्री खाते, आज नाही तर वाढल्यावर. दोन फुटी टाकी कायमची पुरणार नाही, पीकॉक ईल 30 सेंमीच्या आसपास जाते, निदान साडेतीन-चार फूट लांबी हवी. आणि आणलेली नक्की पीकॉकच आहे ना ते बघा, पाठीच्या पंखाच्या मुळाशी डोळ्यासारखे गोल काळे ठिपके असतात. अंगावर लाल पट्टे असतील तर ती फायर ईल, ती मीटरभर होते, घरात तिचा विचारच सोडा. झाकणाला वायरसाठी जी फट असते ती स्पंजने आजच बुजवा, तिथूनच त्या निसटतात आणि सकाळी जमिनीवर सापडतात.

हो, आणि ईल कधी आजारी पडतच नाही असं माझं म्हणणं नाही. पांढरे ठिपके हिलाही होतात, तेव्हा तापमान हळूहळू 30 पर्यंत न्या, पाण्यात हवा वाढवा, औषध द्यावंच लागलं तर बिनतांब्याचं आणि अर्ध्या मात्रेत. अंगावर लाल चट्टे किंवा कापसासारखं काही दिसलं तर तेही खरं दुखणं. तोवर रोज रात्री ती बाहेर आली की वरून बघा, डोक्यामागचं अंग डोक्याएवढं भरलेलं असेल तर ती खातेय, तुम्हाला दिसत नसलं तरी.