माती-पाण्याच्या तपासण्या, नोंदी यांवर केलेला खर्च शेतकऱ्याला खरंच परत मिळतो का?

मिळतो. स्वतःच्या रानावरून सांगतो.

आमचा ऊस सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. काळी भारी जमीन, पाणी मुबलक, त्यामुळे पाटानं रान भरेपर्यंत पाणी द्यायची सवय. पुढे उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरा थर दिसू लागला, खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या उसाला, फुटवे कमी आले. वडिलांना वाटलं खत कमी पडतंय, म्हणून युरिया वाढवला. दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं म्हणून जिप्सम टाकलं. दोन्ही खर्च वाया गेले.

मग माती तपासली. सामू, म्हणजे पीएच, ८.५ च्या आत, पण क्षारता, म्हणजे ईसी, ४ च्या वर. जमीन चोपण नव्हती, खारवट होती. जिप्सम उपयोगी पडतं ते चोपण जमिनीला, तिथला सोडियम हटवायला. खारवट जमिनीतले क्षार पाण्याबरोबर धुऊन बाहेर जावे लागतात, त्याला निचराच हवा. हे आधी कळलं असतं तर जिप्समचे पैसे वाचले असते.

त्यानंतर सखल कोपऱ्यात भोकं पाडलेला दोन मीटरचा पीव्हीसी पाइप उभा पुरला. दर पंधरा दिवसांनी त्यात वजन बांधलेली दोरी सोडायची आणि पाणी किती खाली लागतं ते वहीत लिहायचं. भर मे महिन्यात पाणी हातभर खोलीवर लागलं, तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. इतकं वर आलेलं पाणी क्षार घेऊनच पृष्ठभागाकडे चढतं. त्याच वर्षी ठिबक केलं. निचऱ्यासाठी जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकायचा खर्च मोठा असतो. वही होती म्हणून तो सगळ्या रानात न करता सखल भागापुरता केला. माझ्या मते नोंदींची सगळ्यात मोठी कमाई हीच.

बाजाराच्या बाजूनं २०१० आठवा. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या ऑनलाइन नोंदप्रणालीवर बागांची नोंदणी होती, अंश तपासणीही होत होती, पण तपासायच्या यादीत हे रसायन नव्हतं. जे मोजलं नाही त्याचाच फटका बागायतदारांना बसला.

सुरुवात करायची तर ऊस तुटल्यावर, खत टाकण्याआधी नमुना घ्या. बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची माती टाळा. उंच आणि सखल भागाचे नमुने वेगळे ठेवा. आमच्याकडे दोन्हींचे आकडे अजिबात जुळत नव्हते.