आरसीटीत (रूट कॅनॉल ट्रीटमेंटमधे) इरिगंट, म्हणजे कॅनॉल धुवायचं सोल्यूशन, कुठला वापरू?

अगं एवढं कन्फ्युज नको होऊस, मेन काम सोडियम हायपोक्लोराइटच करतं, कारण मेलेला पल्प (दाताच्या आतला मऊ भाग) विरघळवायची ताकद त्याच्यातच आहे, क्लोरहेक्सिडीन जंतू मारतं पण टिश्यूला हात लावत नाही. मी ३% वापरते, ५.२५% वालेही आहेत, पण माझ्या मते कमी स्ट्रेंथचं ताजं हायपो (हायपोक्लोराइट) भरपूर आणि सारखं बदलत राहिलं तर काम होतं. शेवटी १७% ईडीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं सोल्यूशन) मिनिटभर, स्मिअर लेअर (कॅनॉल घासताना भिंतीवर बसलेला भुशाचा थर) निघतो, जास्त वेळ ठेवलंस तर डेंटीन (दाताचा आतला कठीण भाग) खातं.

क्लोरहेक्सिडीन घ्यायचंच असेल तर आधी सलाइनने धू आणि पेपर पॉइंटने (शोषून घेणारी बारीक कागदी काडी) कोरडं कर, नाहीतर हायपोशी मिसळून तपकिरी गाळ बसतो कॅनॉलमधे, तो काढताना नाकी नऊ येतात.

आणि सोल्यूशनपेक्षा सुईकडे बघ गं! ३० गेज साइड व्हेंटेड (बाजूला भोक असलेली), वर्किंग लेंथच्या (कॅनॉल जिथपर्यंत साफ करायचा त्या लांबीच्या) २ मिमी अलीकडे, सुई अडकली की दाबायचं नाही, आधी मागे घ्यायची. हायपो एपेक्सबाहेर (मुळाच्या टोकाबाहेर) गेलं तर पेशंट खुर्चीतून उठतो, तासाभरात गाल टम्म. ओपन एपेक्स (मुळाचं टोक बंद न झालेलं) असेल तर १.५% च घे. रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा) लावतेस ना?